लाह्यांबरोबर चालणारे आतोबा

जगातलं कुठलंही दुःख घ्या, ते शेवटी चुकीच्या ढाळापायीच, म्हणजे उतारापायीच, झालेलं असतं, असं मानणारा माणूस माझ्या पाहण्यात एकच आला, आणि तो नेमका आमच्या आत्याच्या वाट्याला नवरा म्हणून आला. आम्ही त्यांना आतोबा म्हणायचो. बुऱ्हाणपुरातल्या लालबागच्या मिलमध्ये त्यांना नालीवाले साहब म्हणत, आणि राजपुऱ्यात शेजारीपाजारी त्यांच्या पाठीमागे जे म्हणत ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी शाळामास्तर. बुऱ्हाणपुरात नोकरी लागल्यापासून आत्याच्याच घरी राहायला होतो, त्यामुळे आतोबांचं सगळं पुराण मला सकाळ-संध्याकाळ ऐकावं लागे. कुणाचं नवरा-बायकोचं पटेनासं झालं, कुणाचं दुकान बसलं, कुणाचा मुलगा रागावून निघून गेला, असं काहीही कानावर आलं की आतोबा चहाची बशी खाली ठेवायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, ‘ढाळ चुकला असन, मास्तर. दुसरं काय.’

आता त्यांचं कामच तसं होतं म्हणा. मिलच्या रंगखात्यात सूत आणि कापड रंगवून, उकळून, धुऊन झालं की जे पाणी मागे राहतं, लाल, निळं, कधी चटका बसेल इतकं कढत, कधी सोड्यानं बुळबुळीत झालेलं, ते सगळं मिलच्या भिंतीबाहेर नेऊन सोडायचं, आणि तेही पंप न लावता, नुसत्या जमिनीच्या उतारावर, हे आतोबांचं खातं. हौदाखालून नळ, नळातून फरशीखालची नाली, त्या नालीतून मोठी नाली, आणि ती भिंतीपलीकडच्या नाल्यात. ऐकायला सोपं वाटतं. पण आतोबांच्या तोंडून ऐकलं की वाटे, एवढी अवघड गोष्ट ब्रह्मदेवानंही केली नसेल. ढाळ कमी पडला तर पाणी तुंबतं, हे कुणीही सांगेल. पण ढाळ जास्त झाला तर पाणी एकटंच पुढे पळून जातं आणि गाळ मागे बसतो, हे आतोबा सांगत, आणि सांगताना त्यांचा चेहरा असा उतरे की त्यांचं कुणी जवळचं माणूस तसं पळून गेलं असावं. नळाला मध्ये श्वास घ्यायला वाट ठेवावी लागते, नाहीतर आत हवा अडकते आणि ढाळ असूनही पाणी जागचं हलत नाही. काटकोनात वळवलेली नाली पाहिली की ते चारचौघांत डोळे मिटून घेत. आणि पाणी बादलीनं उचलून टाकणं, हातानं उपसणं, हा त्यांच्या लेखी पाण्याचाही अपमान आणि उपसणाऱ्याचाही.

त्यांच्या काळ्या कोटाच्या डाव्या खिशात लाकडी पाणसळ असे, म्हणजे गवंडी जमिनीची पातळी बघायला वापरतात ती बुडबुड्याची पट्टी. उजव्या खिशात ज्वारीच्या लाह्या. लाह्या खाण्यासाठी नव्हेत, जरी निम्म्या ते येता-जाता खात असत. रोज सकाळी कामावर गेले की पहिल्या हौदापाशी उभं राहून चिमूटभर लाह्या नालीत सोडायच्या आणि त्यांच्याबरोबर चालायला लागायचं. नालीवर जिथं जिथं झाकण असे तिथं ते उचलून बघायचं, लाह्या पुढे आल्या का. आल्या की पुन्हा चाल. असं करत करत रंगखातं, धुलाईचं शेड, कोळशाचा ढीग, मागची भिंत, सगळं ओलांडून बाहेरच्या नाल्याच्या काठावर जाऊन उभं राहायचं. लाह्या आणि आतोबा बरोबरीनं पोचले, तर ते एकच शब्द उच्चारत, ‘जातंय.’ मग दिवसभर त्यांना कुणी काहीही बोललं तरी चाले. कामगार हसायचे. लाह्या उधळत कुणाच्या मागे चाललात साहब, असं विचारायचे. आतोबांचं उत्तर ठरलेलं, ‘अरे भाऊ, नालीचं तोंड कोणी बी देखते. ती जिथं संपते तिथं जाऊन उभं ऱ्हाय.’

हे सगळं मिलपुरतं राहिलं असतं तर आत्याला सुखानं दोन घास खाता आले असते. पण आतोबा लग्नाच्या पंगतीत बसले की आधी जमीन बघायचे. मग पत्रावळ अशी फिरवायचे की आमटी भाताकडे आली पाहिजे, गोडाकडे जाता कामा नये. एवढ्यावर थांबतील तर ते आतोबा कसले. शेजारच्याचीही फिरवायचे, त्याच्या शेजारच्याचीही, आणि वाढपी येईपर्यंत निम्मी पंगत ईशान्येकडे तोंड करून बसलेली असे. एकदा आत्याच्या हट्टापायी टॉकीजमध्ये गेले. पडद्यावर नायिका मरत होती, बायका पदर डोळ्यांना लावून हुंदके देत होत्या, आणि आतोबा माझ्या कानाशी लागून म्हणतात कसे, ‘मास्तर, इथं मागं बादली उलटी केली ना, तर पानी सीधं तिच्या पायापाशी जाईन.’ आत्या पुढे कधीही त्यांना घेऊन सिनेमाला गेली नाही. सुट्टीच्या दिवशी ते कुंडी भंडाऱ्याला, गावाबाहेरच्या विहिरीसारख्या जुन्या कुंड्यांपाशी, जात आणि एखाद्या कुंडीच्या काठावर वाकून आत बघत बसत. मोगलांच्या वेळी कुणीतरी सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालून गावापर्यंत आणलं, न उचलता, न ढकलता, आणि ते अजून येतंय, एवढंच ते म्हणत. लोक देवळात बसतात तितका वेळ ते तिथं बसत. त्यांचा देव तोच होता, असं मला आता वाटतं.

ते दिवस सगळ्या देशाचीच मोडजोड चालली होती तेव्हाचे. संस्थानं विलीन होऊन गेली होती, आता भाषेप्रमाणे राज्यं पाडायची बोलणी सुरू होती, आणि आमचं बुऱ्हाणपूर मध्येच लटकलेलं. राजधानी नागपूर, बाजार खानदेशचा, बोली अर्धी मराठी अर्धी हिंदी. आपण कुणीकडे जाणार यावर पानाच्या ठेल्यावर रोज वाद होई. आतोबांना विचारलं की ते तापीवरच्या राजघाटाकडे बोट दाखवायचे. तापी कुणीकडे वाहते? खानदेशाकडे. मग झालं तर. जिकडे पाणी तिकडे गाव. पुढे निकाल लागला आणि बुऱ्हाणपूर नव्या मध्य प्रदेशात, भोपाळच्या पदरात पडलं, तेव्हा आतोबांनी हातातलं पान तसंच ठेल्यावर ठेवलं. मग म्हणाले की सरकारनं चढावर पाणी न्यायचं ठरवलंय, आता जन्मभर उपसत बसावं लागेल. ठेल्यावरचे लोक हसले. मला मात्र त्या दिवशी हसू आलं नाही.

आता मुख्य गोष्ट सांगतो. आत्याचं राजपुऱ्यातलं घर गल्लीपेक्षा खाली होतं. लग्न होऊन आली तेव्हा मोरीचं पाणी बाहेर जायला वाटच नव्हती. मोरीत एक दगडी कुंड होतं, ते भरलं की बादलीनं उपसून गल्लीतल्या गटारात नेऊन ओतायचं. आतोबा तेव्हा मिलमध्ये साधे मिस्त्री होते. त्यांनी पुढे घराची फरशी उखडली, मोरी उचलून घेतली, ढाळ दिला, सगळं केलं. पण तोवर आत्याची कंबर गेली ती गेलीच. उभी राहिली तरी ती काहीतरी शोधते आहे असं वाटायचं. आतोबा याबद्दल कधी बोलले नाहीत. फक्त त्यांना मुलगी झाली, इंदू, तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, आणि आत्यानं ते मला कितीदा तरी सांगितलं होतं, ‘हिले कोणाच्या घरचं पानी उचलू नाही देणार.’ आतोबांच्या सगळ्या वेडात एवढी एक गोष्ट वेड नव्हती.

इंदू उपवर झाली आणि घरात रणकंदन सुरू झालं. मुलगी पाहायला लोक येत तेव्हा काही नसे. पण मुलाचं घर पाहायला आपण गेलो, की आतोबा नमस्कार-चमत्कार होताच तांब्याभर पाणी मागत. यजमानांना वाटे, पाव्हणे लांबून आले, पाय धुणार असतील. आतोबा तो तांब्या घेऊन सरळ मोरीत जात, लाह्या सोडत, वर पाणी ओतत, आणि मागच्या दारानं बाहेर पडत. खंडव्याच्या एका कारकुनाच्या घरी त्या लाह्या परत वर आल्या. शहापूरच्या एका घरी मोरीचं पाणी शेजाऱ्याच्या अंगणात निघालं आणि त्यावरून तिथंच दोन घरांची जुनी कुरबुर नव्यानं पेटली. आम्ही भांडण चालू असतानाच टांग्यात बसून निघालो. एका व्यापाऱ्याकडे मोरीवर खुर्ची ठेवून वर चादर टाकली होती, बहुधा आमची कीर्ती आधीच पोचली असावी. आतोबांनी खुर्ची बाजूला केली. अशी एकेक स्थळं जात गेली. गावात लोक म्हणायला लागले की या माणसाला जावई नको आहे, मोरी पाहिजे आहे.

इंदू हसायची. ती लहान असल्यापासून बापाबरोबर नाल्यांच्या कडेनं चाललेली होती, तिला त्यात काही वावगं वाटायचं नाही. हसायची नाही ती आत्या. मुलीचं वय वाढत होतं, आणि आता त्यात राज्यांची ही भानगड. आत्याच्या माहेरची सगळी माणसं, म्हणजे आमचं घराणं, खानदेशातलं. बुऱ्हाणपूर तिकडे गेलं नाही तर आपली पोर मराठी मुलुखाबाहेर अडकेल, मग तिला कोण विचारणार, ही भीती तिच्या डोक्यात बसली होती. त्यात रावेरच्या अलीकडच्या एका गावातलं स्थळ चालून आलं. केळीच्या बागा, मुलगा मॅट्रिक झालेला, निर्व्यसनी, माणसं शांत. निघायच्या सकाळी आत्यानं आतोबांच्या कोटाच्या खिशातून लाह्या काढून डब्यात घातल्या आणि त्यांच्यासमोर उभी राहिली. ‘आज लाह्या नाहीत. तांब्या मागायचा नाही. आणि मागच्या दारी जायचं नाही. माझी शपथ आहे.’

आतोबांनी बायकोचा शब्द त्या एका दिवशी पाळला. जन्मात तेवढ्या एका दिवशी ते इतरांसारखे वागले. पाव्हण्यांनी वरणबट्टी केली होती, वांग्याची भाजी होती; ते निमूट जेवले, कुणाची पत्रावळ फिरवली नाही, केळीच्या भावाबद्दल विचारपूस केली. मी तर थक्क झालो. जेवणं झाल्यावर हात धुवायला मोरीत गेले. आम्ही सगळ्यांनी हात धुतले, चुळा भरल्या, आणि पाणी असं गेलं की मोरीला ओल तेवढी राहिली. ना आवाज, ना वास. आतोबा वाकून बघत राहिले. मग त्यांचं पाऊल मागच्या दाराकडे वळलं. माजघरातून आत्या खोकली. ते थबकले, परत फिरले, ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, ‘जातंय.’ लग्न ठरलं. बैलगाडीतून रावेर स्टेशनाकडे येताना मात्र ते एकसारखं पुटपुटत होते की मी शेवट पाहिला नाही. आत्या त्या दिवशी फार खुशीत होती. ती म्हणाली, सगळ्याच गोष्टींचा शेवट पाहायचा नसतो. गाडीवानही हसला.

इंदू सासरी गेली आणि त्यानंतर काही महिन्यांतच नकाशावर रेघ ओढली गेली. आम्ही मध्य प्रदेशात, ती मुंबई राज्यात. आत्यानं देवापुढे साखर ठेवली, पोर वेळेवर पलीकडे पोचली म्हणून.

पहिल्या दिवाळीला इंदू माहेरी आली. वाळली होती, पण नव्या सुना वाळतातच असं आत्या म्हणाली. पहाटेच्या आंघोळीला आतोबा पाटावर बसले आणि इंदूनं त्यांच्या पाठीला तेल लावायला घेतलं. मी शेजारी चुलीपाशी पाणी तापवत बसलो होतो. दोन-तीनदाच तिचे हात फिरले असतील. आतोबांनी मागे हात नेऊन तिचं मनगट धरलं, तळवा पुढे ओढून दिव्यापाशी नेला आणि बोटांच्या मुळाशी जिथं बादलीची कडी रुतते तिथं अंगठा फिरवला. घरचं काम असतं बाबा, असं काहीतरी इंदू म्हणाली.

‘तुमची मोरी कुठं जाते?’ आतोबांनी विचारलं.

‘मागं.’

‘मागं कुठं?’

इंदूनं हात सोडवून घ्यायला पाहिलं. नालीचा शेवट न पाहणाऱ्याला ती स्वतः लहानपणी हसत असे. शेवटी म्हणाली, ‘खड्डा आहे, बाबा. भरला की मी उपसते. काळी माती आहे ना, पानी जिरत नाही.’

आतोबांनी तिचा हात सोडला. अंगावर तेल तसंच ठेवून ते कितीतरी वेळ पाटावर बसून राहिले. घंगाळातलं पाणी निवून गेलं. स्वयंपाकघराच्या दारात आत्या उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. आम्ही स्थळ पाहायला गेलो त्या दिवशी, इंदूनं मागाहून सांगितलं, खड्डा सकाळीच उपसून रिकामा केलेला होता, पाव्हणे येणार म्हणून घर झाडतात तसा. वर पत्रा टाकलेला, भोवती अळूची पानं. मागच्या दारानं एक पाऊल बाहेर टाकलं असतं तर दिसला असता. त्या दिवाळीला आमच्या घरात कुणी फराळाला हात लावला नाही, हे मी अतिशयोक्ती न करता सांगतो.

भाऊबीज झाली आणि आतोबा पाणसळ घेऊन इंदूबरोबर तिच्या सासरी गेले. मीही गेलो. दिवसभर त्यांनी ते मागचं आवार मोजलं. दोऱ्या बांधल्या, खुंट्या ठोकल्या, गुडघ्यावर रांगत पट्टीचा बुडबुडा बघितला. जमीन घरापासून मागे शेताच्या बांधाकडे चढत गेलेली. उतार होता तो पुढच्या अंगाला, आणि तिथं इंदूच्या सासऱ्यांच्या चुलतभावाचं घर होतं, ज्याच्याशी यांचं बोलणं बंद, कोर्टात दावा. त्याच्या अंगणातून नाली न्यायची गोष्ट काढली तरी काठ्या निघाल्या असत्या. इंदूचे सासरे वाईट मनुष्य नव्हते. ते शेजारी उभे राहून कौतुकानं सगळं बघत होते आणि समजुतीच्या सुरात सांगत होते की आमच्याकडे सुना उपसतच आल्या, माझी माय बी उपसायची, त्यात काय एवढं. त्यांना खरंच त्यात काही वाटत नव्हतं. संध्याकाळी आतोबांनी खुंट्या उपटल्या, दोऱ्या गुंडाळल्या. ढाळ मिळाला नाही. मिलमधलं सगळं पाणी बाहेर काढणारा माणूस त्या बांधापाशी हात पुसत उभा होता, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

घरी आल्यावर आत्यानं गुंडाळलेल्या दोऱ्या पाहिल्या. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, ‘माझ्या शपथेनं झालं.’ आतोबा म्हणाले की जमिनीचा दोष आहे, तुझा नाही. मग ते कोटाच्या खिशातली पाणसळ काढून खुंटीला टांगून आले.

पुढच्या रविवारी सकाळी आतोबा घरात नव्हते. आम्हाला वाटलं कुंडी भंडाऱ्याला गेले असतील. संध्याकाळच्या पॅसेंजरनं परत आले तेव्हा धोतराला चिखल आणि अंगाला सांडपाण्याचा वास. त्यानंतर हा नेमच झाला. दर रविवारी आपल्या घरचं पाणी तांब्यात भरून, वर फडकं बांधून, पॅसेंजरनं रावेरला उतरायचं, तिथून चालत इंदूच्या गावी जायचं, कोट काढून अळूच्या पानांवर ठेवायचा आणि खड्डा उपसायला लागायचं. पाणी हातानं उचलणं म्हणजे अपमान म्हणणारा हा माणूस बादल्या भरभरून बांधापलीकडे केळीत नेऊन ओतत असे. आधी व्याह्यांनी हातापाया पडून नको म्हटलं. मुलीचा बाप आपल्या घरचं उष्टं पाणी वाहतो, गावात नाक राहील का? जावयानं दोनदा हातातून बादली घेतली. आतोबा दुसरी बादली उचलत. मिलमध्ये हेच करतो, हे आपलंच खातं आहे, असं म्हणत. शेवटी सगळे दमले आणि त्यांनी बघणं सोडून दिलं. मध्य प्रदेशातून दुसऱ्या राज्याचं सांडपाणी उपसायला जाणारा सबंध भारतात हा एकच गडी, अशी मी एकदा थट्टा केली. तेही हसले. पण ती थट्टा माझ्याच जिभेवर कडू झाली.

मी अधूनमधून बरोबर जायचो. इंदू मागच्या दारात उभी असे. एवढा एक दिवस तिचे हात कोरडे, तेवढंच. तिची सासू दर वेळी ओट्यावर चहा आणून ठेवी आणि तो दर वेळी निवून जाई, कारण मुलगी दिली त्या घरचं पाणी नातवंड होईस्तोवर बापानं प्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत, आणि या रीतीबाबत आत्या आणि आतोबा दोघंही सारखेच कडक. उन्हाळ्यात घामानं निथळत ते त्या घरचं सगळं पाणी वाहत, आणि तहान लागली की अळूपाशी ठेवलेल्या आपल्या तांब्याचं फडकं सोडत. तांब्या दुपारपर्यंत संपे. मग तसेच परत येत. इंदूला मूलबाळ झालं नाही.

मिलमध्ये नवे मॅनेजर आले आणि रंगखात्याला पंप बसला. तुम्हाला वाटेल पंप बिघडला, पाणी तुंबलं, आणि सगळे आतोबांकडे धावत आले. तसं काही झालं नाही. पंप उत्तम चालला. आतोबा रोज त्याच्यापाशी जाऊन थोडा वेळ उभे राहत आणि म्हणत, चालतोय बिचारा. लाह्यांचं कारण उरलं नाही, तरी त्या खिशात असत. मग ते निवृत्त झाले. मग रविवारखेरीज त्यांच्या आठवड्यात काहीच राहिलं नाही. वय झालं, गुडघे गेले, बादली अर्धीच भरू लागले, पण गाडी चुकवली नाही. आत्या सकाळी उठून भाकरी बांधून द्यायची आणि तांब्या स्वतः भरायची.

एका रविवारी ते तापानं फणफणत परतले. तांब्या तिकडेच विसरले होते, हे पहिल्यांदाच झालं. दोन-चार दिवसांत त्यांनी अन्न सोडलं. डॉक्टर मान हलवून गेले. मी रावेरला निरोप धाडला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी इंदू आली. तिच्या हातात तो तांब्या होता, फडकं बांधलेला. ती सरळ बापाच्या उशाशी बसली, फडकं सोडलं, चमचा भरला आणि त्यांच्या ओठांपाशी नेला. ‘बाबा,’ ती म्हणाली, ‘आमच्या विहिरीचं आहे.’

आतोबांनी तोंड मिटून घेतलं. ओठ फुटले होते, जीभ कोरडी पडली होती, तरी मिटून घेतलं. मग त्यांनी डोळे फिरवून आत्याकडे बघितलं. आत्या भिंतीला टेकून बसली होती. ती उठली, वाकलेल्या कमरेनं चार पावलं चालत आली आणि इंदूच्या हातातला चमचा तिनं आपल्या हातात घेतला.

‘प्या,’ आत्या म्हणाली. ‘लेकीच्या घरचं आहे. माझ्या सगळ्या शपथा सुटल्या.’

ते प्यायले. चमच्यामागून चमचा, आत्या पाजत होती आणि ते पीत होते. एवढी तहान त्या माणसाला होती हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. संध्याकाळी ते गेले.

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. आत्याही गेली. इंदूच्या गावात चुलतभावांचा दावा कधीतरी मिटला आणि ग्रामपंचायतीनं गल्लीतून पक्की गटार बांधली. मी मध्यंतरी तिकडे गेलो होतो. इंदूचे केस पांढरे झालेत. चहाचं आधण ठेवताना तिनं सहज सांगितल्यासारखं सांगितलं की मोरी आता पुढच्या अंगाला काढली आहे. मग डब्यातून मूठभर लाह्या घेऊन ती मोरीपाशी गेली, लाह्या सोडल्या, वरून तांब्या ओतला आणि चपला घातल्या. मी काही न विचारता तिच्याबरोबर निघालो. चुलतभावाच्या अंगणाजवळून, चावडीपुढून, शाळेमागून आम्ही गटारीच्या कडेनं चालत गेलो, दोन म्हातारी माणसं, खाली बघत. गाव संपलं तिथं गटार नाल्याला मिळते आणि तो नाला पुढे तापीला. लाह्या आल्या. थोड्या वाटेत अडकल्या असतील, पण आल्या. नाल्यात पडल्या आणि तापीच्या दिशेनं निघून गेल्या. तापी काही त्या राजघाटावर उलटी आणून देणार नाही, तरी मी त्या दिसेनाशा होईपर्यंत बघत होतो. आतोबांचा तो एक शब्द कुणीतरी म्हणायला हवा होता, पण इंदू काही बोलली नाही आणि मलाही तो उच्चारवेना. ऊन फार झालंय, असं म्हणून तिनं डोक्यावर पदर घेतला आणि आम्ही चहाला घरी आलो.